खालची कवळी, सात महिने: जिभेखालची ती कड आणि ‘सवय होईल’

वरच्या कवळीबद्दल एक वाक्य पुरे: बसते, टिकते, त्रास नाही. तिला अख्ख्या टाळूचा आधार असतो. खालचीच्या वाट्याला येते घोड्याच्या नालेसारखी अरुंद हिरडी, आणि मधे दिवसभर वळवळणारी जीभ. त्यामुळे टोचणं, सोलवटणं, छाले हे बहुतेक खालीच.

पण सगळं टोचणं एकाच कारणाचं नसतं, आणि दवाखान्यात ‘सवय होईल’ म्हणतात तेव्हा नेमकी इथेच फसगत होते. हिरडीच्या माथ्यावर जागोजागी दुखत असेल तर दोष बहुधा चाव्याचा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट टेकत नसल्याचा. बोलताना दात खटखट वाजतात आणि संध्याकाळपर्यंत जबडा थकतो, तर कवळीची उंचीच जास्त झालेली असते. खालच्या सुळ्यामागच्या दाढांपाशी दाबल्यावर ओठापर्यंत झिणझिण्या गेल्या तर तिथे हाडातून बाहेर येणारी नस दाबली जातेय. यातल्या एकाचीही सवय होत नसते.

माझा मुख्य राग मात्र जिभेखालच्या मागच्या कडेवर आहे. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, शेवटच्या दाढांच्या खाली, हाडाची एक धारदार रेघ असते. तिच्यावरचं आवरण कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. कवळीची कड तिथे मिलिमीटरभर जरी लांब राहिली तरी गिळताना जिभेखालचा भाग वर उचलला जातो आणि कडेवर घासतो. ओळखायची खूण सोपी: चावताना फारसं नाही, पण घोट घेताना दुखतं. चहाच्या प्रत्येक घोटाला कळ आली की हीच कड समजा.

पहिले दोन महिने चिकटवायच्या क्रीमला मी पाच तारे दिले असते. आता दोनच. क्रीमने कवळी हलायची थांबते, घासणं कमी होतं, म्हणून बरं वाटतं. लांब कड मात्र तेवढीच लांब राहते आणि खाली छाला भरत नाही. लावायची तर कवळी पुसून कोरडी करायची, मटाराच्या दाण्याहून लहान तीन ठिपके, कडेपासून आत. बाहेर ओघळली तर जास्त झाली. ६८ ग्रॅमची ट्यूब वर-खाली मिळून सात-आठ आठवडे पुरायला हवी. तीन आठवड्यांत संपत असेल तर पैसे ट्यूबवर घालवण्याऐवजी कवळीला आतून नवा थर लावून घ्यायला ठेवा. जिंक असलेली क्रीम तर ढिगाने वापरूच नये: वर्षानुवर्षं जास्त जिंक पोटात गेलं की शरीरातलं तांबं कमी होतं आणि पाय बधिर होऊ लागतात.

कड घासून घ्यायला जाताना आदल्या दिवशी कवळी घालूनच राहायचं. चार दिवस काढून ठेवून गेलात तर लाल डाग बरा झालेला असतो आणि डॉक्टर अंदाजाने घासतात. अगदीच सहन होत नसेल तर निदान त्या दिवशी दोन-तीन तास घाला. छाला कापसाने टिपून त्यावर न पुसणाऱ्या पेन्सिलीचा ठिपका देतात, कवळी बसवतात, ठिपका कवळीच्या अ‍ॅक्रिलिकवर (प्लास्टिकवर) उमटतो, तेवढंच घासायचं. पांढरी पेस्ट लावूनही दाब कळतो. चाव्याचा दोष असताना आतून घासत सुटलं तर कवळी ढिली होते आणि दुखणं शेजारी सरकतं. घरी कानस किंवा सँडपेपर? मुळीच नाही. खरखरीत राहिलेल्या जागी बुरशी धरते, आणि घासून गेलेली कड परत येत नाही.

छाल्यासाठी कवळी काढून कोमट पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या. छाल्यावर औषधी जेल लावलं तर कवळी परत घालायला अर्धा तास थांबा. रात्री कवळी तोंडात नको, साध्या पाण्यात. गरम पाण्याने ती वाकते. टूथपेस्टने ओरखडे पडतात, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. पाण्यात टाकायच्या कवळी-सफाईच्या गोळ्या चहाचे डाग काढतात हे खरं, पण ब्रश न करता नुसती गोळी टाकली तर चिकट थर तसाच. टाळू लालभडक झाली, दुखत नसली तरी, ती बुरशी असू शकते: औषध तोंडाला आणि कवळीची सफाई, दोन्ही एकदम.

खाण्याचं: वडापाव पुढच्या दातांनी तोडू नका, मागची बाजू उचलते. तुकडे करून दोन्ही बाजूंनी चावा. पेरूची बी आणि संक्रांतीचा तीळ खालच्या कवळीखाली गेला की दहा मिनिटांत छाला.

कड घासूनही छाला दोन आठवड्यांत भरला नाही तर तो कवळीचा म्हणून सोडू नका, तपासून घ्या; तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर नक्कीच. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय इथे विद्यार्थी काम करतात, वर शिक्षक तपासतात. वेळ जातो, खर्च कमी.

नवी कवळी करणार असाल तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा: किती वेळा घासून देणार, आणि त्याचे वेगळे घेणार का? दात काढल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत हिरडी सर्वात जास्त झिजते, म्हणजे दोन-तीन फेऱ्या ठरलेल्याच. वरचीला चार तारे, खालचीला अडीच; कड घासल्यापासून, आधी एकच होता.