तक्रार रुग्णालयातच करावी की बाहेरच्या यंत्रणेकडे?

उपचारांत काही चुकले असे वाटणाऱ्या कुटुंबासमोर दोन वाटा असतात: रुग्णालयाचा तक्रार निवारण कक्ष, किंवा थेट वैद्यकीय परिषद (डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था), ग्राहक आयोग अथवा न्यायालय.

वेळ आणि खर्च या बाबतींत पहिली वाट उजवी ठरते. तिला वकील लागत नाही, आणि रुग्ण अजून दाखल असेल तर औषधाची चुकलेली मात्रा किंवा दोनदा लागलेले तपासणीचे बिल त्याच दिवशी दुरुस्त होऊ शकते. मात्र चौकशी करणारे आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते एकाच संस्थेचे असतात, ही तिची खरी मर्यादा आहे.

बाहेरची यंत्रणा रुग्णालयाच्या अधीन नसते, पण तिथे पुरावा लागतो: केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, परिचारिकांच्या नोंदी आणि बहुधा त्याच शाखेतील दुसऱ्या डॉक्टरचे मत. केवळ परिणाम वाईट झाला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, हे दुःखात बुडालेल्या अनेकांना फार उशिरा कळते. परिषद डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करू शकते. भरपाईसाठी सहसा ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात जावे लागते, आणि तिथली कायदेशीर मुदत रुग्णालयाच्या उत्तरासाठी थांबेलच असे नाही. म्हणून कागदपत्रांच्या प्रती आधी मागाव्यात आणि तक्रारीची पोच घ्यावी.

ज्यांना स्पष्टीकरण, दिलगिरी किंवा बिलातील दुरुस्ती हवी आहे, त्यांनी रुग्णालयातच सुरुवात करावी. कायमचे अपंगत्व, मृत्यू किंवा नोंदींतील फेरफाराचा संशय असेल, तर बाहेरचीच वाट धरावी.