जहाजावरचा आठवडा, समरचा रिसर्च की समुद्रातलं सेमिस्टर: जिओसायन्समध्ये शिरायला काय बरं पडतं

अमेरिकेत अंडरग्रॅड चालू आहे, समुद्र-भूगर्भ वगैरेत काहीतरी करावंसं वाटतंय पण घरात-ओळखीत कोणीच त्या लाइनमधलं नाही, अशांसाठी हे. या क्षेत्रात शिरायचा जुना रस्ता म्हणजे समर फील्ड कॅम्प (उन्हाळ्यात बाहेर खडकांत जाऊन शिकायचा कोर्स), त्याची फी भरा, वर उन्हाळ्याची नोकरी सोडा, आणि ज्यांना हे जमत नाही ते आपोआप गळतात. २०१८ मध्ये नेचर जिओसायन्स या जर्नलमध्ये आकडेवारी आली होती की अमेरिकेत जिओसायन्सची पीएचडी घेणाऱ्यांत वांशिक विविधता ४० वर्षांत जवळपास हललेलीच नाही. त्यामुळे पर्याय बघताना माझा पहिला प्रश्न एकच असतो, पैसे कोण देतंय?

स्टेमसीज (STEMSEAS) नावाच्या कार्यक्रमात खर्च कार्यक्रमवालेच देतात. रिसर्च जहाज एका मोहिमेनंतर पुढच्या बंदराकडे निघतं तेव्हा बर्थ रिकामे असतात, त्यावर विद्यार्थ्यांना नेतात, २०१६ पासून चालू आहे, साधारण ६ ते १० दिवस. मेजर कुठलाही चालतो, कम्युनिटी कॉलेजची मुलंही जातात. सीटीडी खाली सोडायचं (खारटपणा, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, भोवती खोलवरचं पाणी भरून आणणाऱ्या निस्किन बाटल्यांचं कडं), वर आलं की बाटल्यांतून पाणी काढायचं, गाळाचे नमुने घ्यायचे, आणि बोट लागते की नाही तेही कळतं, हे आधी कळलेलं बरं! पण आठवड्याभरात रिसर्च होत नाही, रिसर्च कसा चालतो ते दिसतं. मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे मरीन टेक्निशियन लोकांशी गप्पा मारायला मिळणं. विंच, सेन्सर, डेटा सगळं तेच सांभाळतात, आणि त्या नोकरीला पीएचडी लागत नाही, हे कॉलेजात कोणी सांगतच नाही.

आरईयू (REU) म्हणजे एनएसएफच्या, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेच्या, पैशांवर चालणारा समर रिसर्च, साधारण १० आठवडे, स्टायपेंड मिळतो आणि बहुतेक ठिकाणी राहायचीही सोय असते. इथे एक मेंटर, एक प्रश्न आणि शेवटी तुमच्या नावाचं पोस्टर. समुद्र मात्र कमीच दिसेल. गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून धुवायचा, मग मायक्रोस्कोपखाली ओल्या बारीक ब्रशने फोरॅमिनिफेरा (समुद्रातल्या एकपेशी जीवांची बारीक कवचं) एकेक करून वेचायचे, दिवसच्या दिवस तेच, मान आखडते. पण त्याच कवचांतल्या ऑक्सिजनच्या आयसोटोपवरून लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्राचं तापमान आणि हिमनद्यांचा हिशेब लागतो, आणि हे काम कंटाळा येऊनही सोडावंसं वाटलं नाही तर समजा तुमची लाइन हीच. शिवाय दहा आठवडे तुम्हाला काम करताना बघितलेला माणूस जे शिफारसपत्र देतो त्याची सर आठवडाभराच्या ओळखीला येत नाही. अडचण एकच पण मोठी, एनएसएफचं आरईयू फक्त अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांना. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर असाल तर वुड्स होल ओशनोग्राफिक या समुद्रसंशोधन संस्थेची समर स्टुडंट फेलोशिप बघा, तिथे बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो.

तिसरं म्हणजे सी सेमिस्टर (SEA Semester), हेही वुड्स होल गावातलंच पण संस्था वेगळी. आधी किनाऱ्यावर अभ्यास, मग शिडाच्या जहाजावर, अटलांटिकमध्ये कॉर्विथ क्रेमर नावाचं, पॅसिफिकमध्ये रॉबर्ट सी. सीमन्स नावाचं. शिडं ओढायची, सुकाणू धरायचं, रात्रीच्या पाळीत लॅब सांभाळायची आणि स्वतःचा प्रोजेक्टही करायचा. अनुभव म्हणून तिन्हीत हाच भारी, वादच नाही. पण फी लागते, आणि घसघशीत लागते. आर्थिक मदत (एड) मिळत असेल आणि क्रेडिट तुमच्या डिग्रीत धरले जात असतील तरच, आणि ते रजिस्ट्रारकडून आधी लेखी घ्या. कर्ज काढून अजिबात नको.

माझं मत विचाराल तर पहिल्या-दुसऱ्या वर्षाला, मेजर अजून ठरलं नसेल तर स्टेमसीज. तिसऱ्या वर्षाला असाल, थोडं स्टॅटिस्टिक्स आणि पायथन येत असेल तर डोळे मिटून आरईयू किंवा तसली फेलोशिप. दोन्ही जमलं तर याच क्रमाने.

आणि घरी लहान भावंडं आहेत, नोकरी आहे, तब्येतीमुळे जहाज शक्य नाही, असं असेल तर हातातून काही गेलेलं नाही. जॉइडिस रेझोल्युशन हे ड्रिलिंगचं जहाज २०२४ मध्ये मोहिमांतून बाहेर पडलं, पण त्याने समुद्रतळातून काढलेले कोअर (गाळ-खडकांचे लांब दंडगोल नमुने) टेक्सासमध्ये कॉलेज स्टेशनला, जर्मनीत ब्रेमेनला आणि जपानमध्ये कोचीला जपून ठेवलेत, त्यांचा डेटा वापरता येतो. आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे जवळपास ४००० फ्लोट (समुद्रात आपोआप वर-खाली जाणारी तरंगती यंत्रं) दर १० दिवसांनी २००० मीटर खोलीपासून वर येत मापं घेतात, तो डेटा फुकट आहे आणि लॅपटॉपवर उघडतो. त्यावर एखादा छोटासा आलेख काढून आपल्या प्रोफेसरना दाखवा आणि अर्जाच्या तारखा डिसेंबरच्या आधीच शोधून ठेवा, कारण उन्हाळ्याचे बरेचसे फॉर्म हिवाळ्यातच बंद होतात.