बर्डीचं रेडिमेड की गांधीबागचं कापड आणि टेलर?

भाच्याला नागपुरात मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरी लागली. काटोलहून येऊन मनीषनगरात दोघांत एक खोली केली, आणि पहिला पगार हातात यायला अजून दीड महिना. कपड्यांसाठी गाठीला सहा हजार. परवा फोन केला, "मामा, बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन एकदाचं सगळं रेडिमेड घेऊन टाकू, का कापड घेऊन शिवू? शिवलेलं सस्तं पडते म्हणते आई."

त्याची आई, म्हणजे माझी बहीण, 1995 च्या हिशोबानं बोलते. तेव्हा शिवलेलं खरंच स्वस्त पडायचं. आता तसं राहिलं नाही. म्हणून आधी हिशोब मांडतो. आकडे धरून चालण्यासाठी आहेत. तुमच्या गल्लीतले भाव त्या जागी टाका.

पूर्ण बाहीच्या शर्टाला 58 इंची पन्ह्याचं (रुंदीचं) कापड 1.6 मीटर लागतं. समजा, बऱ्यापैकी सुती कापड 220 रुपये मीटर मिळालं, तर 352 रुपये. शिलाई 400 धरा. शर्ट 752 ला पडला. पँटला साधारण सव्वा मीटर. 350 च्या भावानं 438, शिलाई 550, म्हणजे 988. आता दुकानात बघा. साखळी दुकानात ऑफिसला चालेलसा शर्ट 700 च्या आसपास दिसतो, पँट 900 ला, आणि पँटची उंची कमी करायला वरून 80. झाले 980. म्हणजे शर्टात पन्नासेक रुपयांचा फरक, पँटीत आठ रुपयांचा. एवढ्यासाठी कोणी गांधीबागेच्या कापडबाजारात पायपीट करत नाही.

मग पैशावरून ठरत नसेल तर कशावरून ठरवायचं? तुमच्या अंगावरून.

भाचा सहा फुटी आणि छाती 36. छातीला बसेल असा शर्ट घेतला की बाही मनगटाच्या चार बोटं वर. बाही बसेल असा घेतला की पाठीमागे शिडासारखा फुगतो. कंपन्या शरीराचा एक सरासरी साचा धरून माप काढतात. तुम्ही त्या साच्याच्या जवळ असाल, म्हणजे मिडियम किंवा लार्ज घालून आरशात बघताना काही खटकत नसेल, तर टेलरचा विचारही करू नका. दुकानातून घ्या आणि मोकळे व्हा. पण पोट पुढे आहे, एक खांदा उतरता आहे, मांड्या जाड आणि कंबर बारीक आहे, असं असेल तर रेडिमेडचे सातशे रुपये निम्मे वायाच.

खांद्याचं मात्र नीट लक्षात ठेवा. रेडिमेड शर्टाच्या बाजू आत घेता येतात, बाही आखूड करता येते, उंची कापता येते. खांदा तेवढा सहसा सुधरत नाही. सगळा शर्ट उसवावा लागतो, आणि टेलर तसं तोंडावर सांगतोही. त्यामुळे ट्रायल रूममध्ये आधी खांद्याची शिवण हाडावर बसते का ते बघायचं. रंग, खिसा, बटणं नंतर.

दुसरा फरक दुकानात दिसत नाही, दोन वर्षांनी दिसतो. टेलर शिवणीच्या आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडतो. पँटीच्या मागच्या शिवणीत इंच-दीड इंच, खाली पायाला दोन इंच. लग्नानंतर कंबर वाढली की तीच पँट उसवून मोठी होते. माझी एक राखाडी पँट अशी दोनदा मोठी झाली. रेडिमेडमध्ये आतून बघाल तर बोटभरही कापड नसतं, वरून ओव्हरलॉक मारलेलं. कंपनीनं हजारो पँटींमध्ये तेवढं कापड वाचवलं, तिच्या जागी ती बरोबर आहे. पण माया नाही ती नाहीच.

कॉलरचंही तसंच. शर्ट आधी कॉलरच्या घडीवर विरतो, बाकी अंग चांगलं असतं. जुने टेलर ती कॉलर उसवून उलटी लावून द्यायचे, शर्ट अजून वर्षभर चालायचा. अजूनही काही जण देतात, महाल-इतवारीच्या गल्ल्यांत विचारून बघा. रेडिमेड कॉलरच्या आत चिकटवलेलं बक्रम, म्हणजे कडक अस्तर, असतं. हलकं असेल तर पाच-सात धुण्यांत त्याला फोड आल्यासारखे फुगवटे येतात, आणि उलटवायला मग काही उरत नाही.

आता टेलरच्या बाजूनं इतकं बोललो, तर त्याचे अवगुणही सांगतो. टेलर वेळ पाळत नाही. चुलतभावाच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला सूट मला हळदीच्या रात्री साडेदहाला मिळाला, आणि एक बाही नुसती कच्च्या टाक्यांवर. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस टेलरकडे जाऊच नये. शिवाय शिवलेलं कापड परत करता येत नाही. दुकानात नाही आवडलं तर बिल दाखवून बदलता येतं. ज्याला परवा रुजू व्हायचं आहे, त्याच्यासाठी इथेच निकाल लागला: बर्डी.

कापडाचं बोलतो. खरी अक्कल इथे लागते, आणि फसवणूकही इथेच होते.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, हे मी सांगायची गरज नाही. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून पॉलिस्टरच्या शर्टात घाम कापडात न मुरता पाठीवरून ओघळतो. तरी दुकानदार "प्युअर कॉटन आहे भाऊ" म्हणून मिक्स कापड हातात देतो. पारख सोपी आहे. कडेचा एक धागा ओढून मागा आणि बाहेर येऊन काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. मणी दिसला की भाव पाडून मागा, नाहीतर पुढचं दुकान.

पण सगळंच सुती घ्या, असंही मी म्हणणार नाही. खोलीवर राहणारा मुलगा, इस्त्री नाही, पावसाळा तोंडावर. सुती पँट जुलैत दोन दिवस वाळत नाही आणि बसून उठली की मांडीवर चुण्या. पँटला पॉलिस्टर-व्हिस्कोस चांगलं: व्हिस्कोस ओलावा घेतं, पॉलिस्टर घडी धरतं. शर्ट मात्र सुती, किंवा सूत जास्त असलेलं मिक्स. आणि सुती कापड टेलरला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात आटलेला शर्ट घेऊन टेलरशी भांडाल, आणि चूक तुमचीच असेल.

गांधीबागला जायचं तर मेट्रोनं अग्रसेन चौकात उतरून चालत जाता येतं. खापरीकडून येणाऱ्यानं सीताबर्डीला गाडी बदलायची. गाडी घेऊन त्या गल्ल्यांत शिरू नका. हा ठोकचा बाजार आहे. काही पेढ्या अख्खा तागा उचलणाऱ्याशीच बोलतात. दारातच "मीटरवर देता का?" विचारा. कटपीसचा ढीग दिसला तर थांबा. तिथे ताग्याचं उरलेलं चांगलं कापड पडेल भावात निघतं. फक्त उलगडून उजेडात धरा, कारण तुकडा डागामुळेही कटपीस झालेला असतो. आणि घरी येऊन 1.45 मीटर निघाला तर बाही अर्धी होते. टेप सोबत न्या.

बर्डीच्या रस्त्यावरचा माल वेगळा. टी-शर्ट, जीन्स, ट्रॅक पँट तिथे घ्या, शिवून घेण्यात काही अर्थ नाही. ऑफिसचा शर्ट तिथे घेऊ नका. ट्रायल नाही, आणि "एक्स्पोर्टचा माल" हे शब्द ऐकून किती लोक लार्जचं लेबल लावलेला मिडियम घरी घेऊन आले, त्याला गणती नाही.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात. ज्या कंपनीचं माप तुम्हाला आधीपासून बसतं, तेवढंच मागवा. मी एका अॅपवरून 349 चा मरून कुर्ता मागवला, पहिल्याच धुण्यात बायकोची पांढरी ओढणी गुलाबी केली त्यानं. परत करायची मुदत आदल्या दिवशी संपलेली.

एम्प्रेस मॉलमध्ये फिरताना मला नेहमी गंमत वाटते. त्या जागी टाटांची एम्प्रेस मिल होती, 1 जानेवारी 1877 ला सुरू झालेली. विदर्भाचा कापूस तिथेच कातून-विणून कापड व्हायचा. आता मिल गेली, आणि पोरं हजाराच्या आतले कपडे घ्यायला झुडिओच्या दुकानात रांग लावतात. तेही टाटांच्याच ट्रेंट कंपनीचं. कापूस अजून इथलाच पिकतो, शर्टावरच्या लेबलवर मात्र भलत्याच गावाचं नाव.

मुलींचं गणित थोडं वेगळं, हे बायकोनं मध्येच बोलून सांगितलं. तयार कुर्ती ढगळ असली तरी चालून जाते, बाजूला दोन शिवणी मारल्या की झालं. त्यामुळे कुर्ती रेडिमेड घ्यावी. ब्लाउज शिवूनच, आणि सलवारपेक्षा दोन चांगल्या लेगिंग्ज किंवा सरळ पँट, काळी आणि क्रीम, ज्यावर पाच कुर्त्या फिरतात.

ब्लेझरचा मोह नको. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी 5 टक्के आणि त्यापुढे 18. बरा ब्लेझर 2500 च्या आत सहसा बसत नाही, आणि मिहानच्या त्या ऑफिसात मॅनेजरसुद्धा घालत नाही, हे भाचाच म्हणाला.

तर त्याचं असं ठरवलं. दोन पँट शिवायच्या, एक गडद निळी, एक राखाडी: 1976. दोन शर्ट शिवायचे, पांढरा आणि फिका आकाशी: 1504. तिसरा रेडिमेड, 700 चा, बाह्या दुमडून घालायचा म्हणजे आखूडपणा दिसत नाही. बूट 1000, पट्टा 250. उरले 570, त्यात मोजे आणि गंज्या. तीन शर्ट दोन्ही पँटींवर जातात, म्हणजे सहा जोड्या, आठवडा निघतो. काळी पँट त्याला हवी होती. मी नाही म्हणालो, काळ्यावर नागपूरची धूळ दुपारपर्यंत पांढरी दिसते.

रुजू व्हायला अठरा दिवस आहेत. टेलरला बारावा दिवस सांगितला आहे, म्हणजे सोळाव्याला मिळेल. ट्रायलला जाताना नवे बूट घालून जा म्हटलं, नाहीतर पँटची उंची पुन्हा चुकते.