ट्रकमध्ये राहताना: गॅसची शेगडी की इंडक्शन?

माझं मत गॅसकडे झुकतं. १ किलो एलपीजीत साधारण १२.८ युनिट ऊर्जा असते. त्यातली निम्मी ज्योतीभोवती वाया गेली तरी उरलेली साठवायला १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या पाच-सहा बॅटऱ्या लागतील. शिवाय १५०० वॅटचं इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२५ अँपिअरपेक्षा जास्त ओढतं. म्हणजे जाड केबल आणि दांडगा इन्व्हर्टर आलाच.

पण गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. म्हणून जमिनीलगत झरोका हवाच. जळताना वाफ होते, थंडीत भिंती पाझरतात. खिडकी बंद ठेवून शेगडी पेटवणं तर जिवावरचंच. कार्बन मोनॉक्साईडला वासही नसतो. रोज तासन्‌तास गाडी चालते, इंजिन बॅटरी भरतं, अशांनी खुशाल इंडक्शन घ्यावं.

भांड्यांच्या बाबतीत इंडक्शन सरस. बुडाला काजळी नाही, घासायचं कमी, पाणीही कमी. बाकी रीत दोन्हीकडे एकच: ताट गरम असतानाच कागदानं तेलकटपणा पुसून काढा, मग फवाऱ्याच्या बाटलीनं साबणपाणी, शेवटी घोटभर स्वच्छ पाणी. न पुसता धुतलंत तर सांडपाण्याची टाकी दोन दिवसांत घाण मारते.