नान-खलियासोबत शिराज की शेनिन ब्लां?

छत्रपती संभाजीनगरात पाहुण्यांसाठी नान-खलिया आणला आणि सोबत वाइन काढायची ठरली, की मटण आहे म्हणून सगळे लाल बाटलीकडेच हात नेतात. शिराज वाईट नाही. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातलं हे द्राक्ष नाशिकलाही चांगलं रुजलंय. काळ्या मिरीचा, जांभळाचा वास, अंगानं भरदार. पण तिच्यातलं टॅनिन, म्हणजे साल-बियांतून उतरलेला तुरटपणा, आणि चढं अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतं. खलियाची तर्री जिभेवर असताना एक घोट घ्या, कानशिलं तापतात.

शेनिन ब्लां मूळची फ्रान्सच्याच ल्वार खोऱ्यातली. पांढरी, आंबटसर, फळांच्या वासाची. नाशिकची शेनिन बऱ्याचदा किंचित गोड ठेवलेली असते (लेबल वाचून घ्या, कोरडीही मिळते) आणि तीच गोडी इथं कामाला येते. तिखट दबतं, आंबटपणा तेलाचा थर धुऊन नेतो, नानचा तुकडा पुन्हा तर्रीत बुडवावासा वाटतो. 8-10 अंशांवर गार करून द्या. बर्फ टाकू नका, पाणचट होते.

शिराज ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली, 16-18 अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार, तेव्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय उघडूच नये.

शिराज घ्यायचीच तर बेताच्या तिखटाचे कबाब करा. खलियाला मात्र शेनिनच. आणि हुरड्यावर? तिथं दोन्ही नकोत, ताक आणा.