शेंगा चटणीच्या सॉसमधला थाई धाटणीचा चिकन रोल: आठ महिने करून पाहिल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी चार. एक गुण कापला तो चपातीपायी, चिकनपायी नाही. ऑक्टोबर ते मे, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी कामावरून आल्यावर पाऊण तासाच्या आत ताटात पडेल अशा बेतानं हा रोल करून पाहिला. खाली दिलेली मापं ५०० ग्रॅम बोनलेस चिकनची आहेत. त्यात सहा रोल होतात, म्हणजे तिघांचं पोटभर जेवण.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. थायलंडमध्ये असा रोल शोधायला गेलात तर सापडणार नाही. तिकडे लाब (खिम्याचं आंबट-तिखट सॅलड) कच्च्या पाल्यासोबत आणि चिकट भातासोबत खातात, मियांग खाम (खोबरं, शेंगदाणे, आलं असं मिश्रण) पानात बांधून तोंडात टाकतात, आणि शेंगदाण्याचा सॉस साते म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसाबरोबर येतो, शेजारी आजाड म्हणजे काकडीचं आंबटगोड लोणचं असतं. चपातीत गुंडाळणं ही आपली सोय. चव मात्र तिकडची राहावी लागते: खारट, आंबट, गोड आणि तिखट एकाच घासात.

आठ महिन्यांत कळलं ते एवढंच की हा रोल मसाला चुकल्यानं फारसा बिघडत नाही, पाण्यानं बिघडतो. चिकनला सुटलेलं पाणी, काकडीचं पाणी, कोबीचं पाणी, सॉस पातळ झाल्याचं पाणी. ही चार पाणी आवरली की बाकी सगळं सांभाळून घेता येतं.

सॉसपासून सुरू करू, कारण सोलापुरात राहण्याचा खरा फायदा इथंच आहे. शेंगदाणे भाजा, सोला, वाटा ही अर्ध्या तासाची कटकट शेंगा चटणीनं आधीच संपवलेली असते. लसूण, तिखट, मीठ आत आहेच, शिवाय कुटताना तेलही सुटलेलं असतं. पाऊण वाटी चटणी (साधारण ७० ग्रॅम), १०० मिली घट्ट नारळाचं दूध, एक मोठा चमचा चिंचेचा घट्ट कोळ, दोन छोटे चमचे चिरलेला गूळ आणि एक छोटा चमचा फिश सॉस. चटणी आधी कोरडीच मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबून थांबून फिरवायची, कडेला तेलकट लगदा चिकटू लागेपर्यंत. मग त्यात दूध घालायचं.

इथं बहुतेकांचा हात थबकतो. पहिले दोन चमचे दूध पडलं की सॉस सैल व्हायचा सोडून मातीच्या गोळ्यासारखा घट्ट होतो. फाटला असं वाटतं आणि लोक तेल ओततात. तेल अजिबात नको. तेलात भिजलेले शेंगदाण्याचे कोरडे कण थोडंसं पाणी मिळताच एकमेकांना चिकटतात, म्हणून गोळा होतो. राहिलेलं दूध घालत राहिलं की तोच गोळा सुटून मऊ होतो. मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर दोन-तीन मिनिटं. पाव वाटी पाणी हाताशी ठेवा. चमच्याच्या पाठीवर सॉस बसला पाहिजे, पण बोट फिरवल्यावर रेघ राहिली पाहिजे. गॅसवर जरा सैल वाटला तरी थांबा, कोमट झाला की आणखी आळतो. मोठ्या आचेवर खळखळ उकळलं तर नारळाचं तेल वेगळं होतं. थाई करीत मसाला परतताना ते मुद्दाम करतात, रोलमध्ये मात्र तेच तेल कोपरापर्यंत ओघळतं.

आता तक्रार. शेंगा चटणी सगळीकडे सारखी नसते. एका दुकानाची लसणीनं भरलेली, दुसऱ्याची मिठानं जड, तिसऱ्याची नुसती लाल. त्यामुळं सॉसचं माप एकदा पाठ केलं म्हणून भागत नाही, दर नव्या पुड्याला चिमूटभर चाखायचं आणि फिश सॉस शेवटी घालायचा. तिखट जास्त असेल किंवा घरात लहान मुलं असतील तर निम्मी चटणी आणि निम्मा साधा दाण्याचा कूट. उन्हाळ्यात मोठा पुडा घेऊ नका. एप्रिलच्या उन्हात ओट्यावर ठेवलेली चटणी बघता बघता खवट होते आणि तो वास नारळाच्या दुधात दबत नाही, उलट वर येतो. घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये.

फिश सॉसची भीती बाळगू नका. तो मासळी आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून काढलेला रस आहे, बाटलीला नाक लावलं तर नको वाटणारच. गरम कढईत पडल्यावर अर्ध्या मिनिटात तो वास जातो आणि मागं नुसती चव राहते. त्यात मीठ इतकं असतं की चिकनला वेगळं मीठ लावायचं नाही. ही चूक पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येकाकडून होते. एका खेपेला चिकनसाठी १५ मिली आणि सॉससाठी ५ मिली, म्हणजे २०० मिलीची बाटली दहा वेळा पुरते. थंड हवेत ती बाहेर टिकते, पण आपल्याकडच्या चाळिशीपारच्या उन्हात फ्रिजमध्येच ठेवावी, नाहीतर रंग काळवंडतो. तळाशी मिठाचे खडे दिसले तर सॉस खराब झालेला नाही. मासळी नकोच असेल तर लाइट सोया सॉस तेवढाच घाला. चव बदलते, रोल बिघडत नाही.

गवती चहाबद्दल मात्र सांगायलाच हवं. चहात टाकतो तीच ही वनस्पती, थाई स्वयंपाकातलं लेमनग्रास म्हणतात ते. फरक एवढाच की आपण पात घेतो आणि ते बुडखा. मंडईत जुडी घेताना नुसती पात असेल तर उपयोग नाही. खालचा पांढरट, जरा फुगीर, चार-पाच इंचांचा भाग हवा. बाहेरची दोन पानं सोलून टाकायची, चाकूच्या मुठीनं एक दणका द्यायचा आणि अगदी पातळ चकत्या करून लसणासोबत वाटायच्या. उभे तुकडे वाटले तर धागे राहतात, आणि ते दातात अडकतात. कुंडीत लावला असेल तर एकेक बुडखा मुळासकट उपटा, वरून कापला तर हाती पातच येते.

चिकन. छातीचा भाग घेतला तर २० मिनिटं फ्रीजरमध्ये टाका. जरा कडक झालं की पाच-सहा मिलिमीटरच्या पट्ट्या नीट निघतात. धाग्याला आडवं कापा. धाग्याच्या दिशेनं कापलं तर घास तुटत नाही, चावताना अख्खी पट्टी रोलबाहेर ओढली जाते आणि सगळा मसाला मांडीवर. मांडीचं बोनलेस मिळालं तर जास्त चांगलं, दोन मिनिटं जास्त शिजलं तरी कोरडं पडत नाही. लावायला: एक मोठा चमचा फिश सॉस, दोन बुडख्यांचं वाटण, पाच-सहा लसूण पाकळ्या, बोटभर आलं, एक छोटा चमचा गूळ, दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा तेल. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. गलंगल (आल्यासारखा थाई कंद) सहसा मिळत नाही, आलं घातलं की चव थोडी वेगळी येते, पण चालते.

लिंबू मात्र चिकनला आधी लावायचं नाही. आपल्याला सवय आहे, तरीही नाही. पट्ट्या इतक्या पातळ असताना आंबट लागलं की वरचा थर आवळतो आणि शिजल्यावर खडूसारखा लागतो. लिंबू शेवटी, गॅस बंद करून. सोबत सालीचा वरचा हिरवा थर किसणीवर दोनदा घासून टाका. थाई लिंबाच्या पानाच्या वासाच्या जवळ जाणारी हीच एक घरगुती गोष्ट सापडली. पांढऱ्या थरापर्यंत पोचलात की कडू.

कढई लोखंडी किंवा तवा बिडाचा. चांगला तापून तेलातून हलका धूर दिसू लागला की चिकन टाकायचं, पण २५० ग्रॅमच. पाचशे ग्रॅम एकदम ओतलं की कढई गार पडते, पाणी सुटतं आणि चिकन भाजायच्या ऐवजी उकडतं. रंग राखाडी, चव दवाखान्यातली. पसरून एक मिनिट हात लावू नका. खालून तपकिरी डाग पडले की तुकडा आपोआप सुटतो, न सुटणारा तुकडा अजून तयार नाही. मग परतत दोन ते अडीच मिनिटं. सगळ्यात जाड पट्टी मोडून बघा, आत गुलाबी नको. थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस. दुसरा घाणा टाकण्याआधी कढईला पुन्हा तापायला मिनिटभर द्या. ही घाई केल्यानं जितके रोल ओले झाले, तितके दुसऱ्या कशानंही नाहीत. नॉनस्टिक पॅन या कामाचा नाही, त्याला एवढी आच देऊच नये.

आता पानं. थाई क्राप्राव म्हणजे आपली तुळसच, शास्त्रीय दृष्ट्या एकच जात. पण वृंदावनातली तुळस खुडून चिकनमध्ये घालणारं घर सोलापुरात सापडणं कठीण, आणि तशी गरजही नाही. सब्जाचं रोप लावा. थाई बेसिल आणि सब्जा हीसुद्धा एकाच जातीतली, पानाला बडीशेपेसारखा हलका वास असतो. दहा-बारा पानं हातानं तोडून, गॅस बंद केल्यावर. मे महिन्यात रोप अर्ध्या सावलीत ठेवा आणि मंजिरी दिसली की खुडा, फुलोरा आला की पानं मागं पडतात. सब्जा नसेल तर पुदिना आणि कोथिंबीर निम्मी-निम्मी.

भाजी: कोबी २०० ग्रॅम, एक काकडी, एक गाजर. कोबी बारीक चिरून त्याला पाव चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. चांगलं दोन चमचे पाणी निघतं, म्हणजे तेवढं रोलच्या बुडात साठणार होतं. काकडी उभी चिरून बियांचा गर चमच्यानं खरवडून बाजूला ठेवा. मार्चपासून कैरी मिळायला लागली की गाजराऐवजी कैरीचा कीस घ्या आणि सॉसमधली चिंच निम्मी करा. आठ महिन्यांतले सगळ्यात चांगले रोल कैरीच्या दिवसांतलेच होते.

राहिली चपाती, जिथं तो एक गुण गेला. नेहमीची घडीची चपाती पदर सुटून सॉस गळते. फुलका त्याहून वाईट, फुगला की एक बाजू कागदासारखी पातळ राहते आणि नेमकी तिथंच फाटते. म्हणून बिनघडीची लाटायची आणि तव्यावर फुगू लागली की कापडानं दाबत राहायचं. कणीक २५० ग्रॅम, कोमट पाणी १५० मिली, एक चमचा तेल, २० मिनिटं झाकून. सहा गोळे, प्रत्येकी बावीस-तेवीस सेंटिमीटर. मोठ्या आचेवर झटपट भाजा, मंद आचेवर ती वाळते आणि गुंडाळताना चिरते. भाजलेली लगेच फडक्यात. पण घामट गरम चपातीत लगेच भरू नका, दोन मिनिटं वाफ जाऊ द्या. एवढं करूनही चार रोलमागं एक फाटतोच.

ज्वारीची भाकरी गुंडाळायचा मोह होईल. मंगळवेढ्याची ज्वारी कितीही चांगली असली तरी तिच्यात गव्हासारखा चिवटपणा नाही, उकड काढून केली तरी रोल होत नाही. तव्यावरून उतरल्या उतरल्या पाच मिनिटांच्या आत नुसती दुमडून खाल्ली तर छान. कडक भाकरी मात्र वेगळंच काम करते. तिचे तळहाताएवढे तुकडे, वर चिकन आणि कैरी, सॉस अगदी शेवटी. तीन-चार मिनिटांत संपवायचं, नंतर मऊ पडते. कणीक मळायचा कंटाळा असेल त्या दिवशी हाच मार्ग.

भरताना आधी कोबी, मग चिकन, मग सॉस दीड चमचा, वर पानं. सॉस थेट चपातीवर लावला तर ती पाच मिनिटांत भिजते. खालची कड आधी आत घ्या, मग गुंडाळा.

पूर्वतयारीत फ्रीजरचा उपयोग होतो. मसाला लावलेलं चिकन २५० ग्रॅमच्या चपट्या पिशव्यांत गोठवा, सकाळी फ्रिजच्या खालच्या खणात उतरवा. उन्हाळ्यात दुकानातून आणलेलं कच्चं चिकन तासाभराच्या आत फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे. नारळाचं दूध उरलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये टाका. वितळल्यावर फुटल्यासारखं दिसतं, सॉसमध्ये ढवळलं की मिळून येतं. डब्यासाठी हा रोल एप्रिल-मेमध्ये देऊ नका.

आणि मिक्सरच्या भांड्याला चिकटलेला सॉस धुऊन टाकू नका. दोन चमचे गरम पाणी घालून एकदा फिरवा, लिंबू पिळा, काकडीच्या उरलेल्या गरावर ओता. रोल भरेपर्यंत तेवढंच तोंडी लावायला होतं.