बऱ्हाणपूरची जामा मशीद : आत जाऊन पाहावी अशी वास्तू

भुसावळ-रावेरकडची मंडळी बऱ्हाणपूरला जातात, तेव्हा वाटेत इच्छापूरच्या देवीचे दर्शन घेतात, मावा जिलेबी बांधून घेतात आणि फार तर शाही किल्ल्यावर चक्कर मारून परततात. गांधी चौकाच्या गजबजाटात उभी असलेली जामा मशीद बहुतेकांनी बाहेरूनच पाहिलेली असते. माझ्या मते, खानदेशच्या माणसाने या शहरात एकच वास्तू पाहायची ठरवले, तर ती हीच असावी.

फारुकी सुलतानांची राजधानी असलेल्या या शहरात राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने ही मशीद बांधली. दर्शनी भागात पंधरा कमानी आणि दोन्ही टोकांना उंच मिनार आहेत, मात्र एकही घुमट नाही. त्यामुळे आत शिरल्यावर नजर वर न जाता खांबांच्या रांगांमधून आडवी धावत राहते. काळ्या दगडाचे हे काम साधे, भारदस्त आणि अतिशय प्रमाणबद्ध आहे.

परंतु खरे पाहण्यासारखे आहे ते प्रार्थनागृहाच्या एका टोकाला, जिथे अरबी लेखाच्या जोडीला चक्क संस्कृत शिलालेख आहे. उजेड कमी असल्याने प्रथम काही उमगत नाही. डोळे सरावल्यावर अक्षरे सुटी होऊ लागतात. आरंभी सृष्टिकर्त्याला नमन, मग फारुकी घराण्याची वंशावळ आणि शेवटी एखाद्या जन्मपत्रिकेत असावा तसा काटेकोर काळ : विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष, सोमवार, शिवाय नक्षत्र, योग, करण आणि लग्नसुद्धा. इंग्रजी कालगणनेने हा दिवस ५ जानेवारी १५९० येतो. स्वधर्मपालनासाठी ही 'मसीति' बांधल्याचे सुलतान प्रजेच्या पंचांगात आणि पंडितांच्या भाषेत नोंदवतो, हे तिथे उभे राहून वाचताना मला फार मोलाचे वाटले. पुढे १६०१ मध्ये असीरगड घेऊन अकबराने फारुकींची सत्ता संपवली; त्या मोहिमेच्या काळातला फारसी लेखही याच मशिदीत आहे. म्हणजे खानदेशच्या स्वतंत्र सल्तनतीचा बहर आणि तिचा शेवट, दोन्ही एकाच इमारतीच्या दगडांवर वाचायला मिळतात.

तक्रार एकच. आम्ही सोबत घेतलेल्या वाटाड्याने मिनार दाखवले, ताजमहालाच्या सुरस कथा सांगितल्या, पण शिलालेखाचे नावही काढले नाही. आम्ही विचारले म्हणून तो तिथवर आला. वाटाड्या घ्यायचाच असेल, तर संस्कृत लेख दाखवणार का, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर तिथल्या सेवेकऱ्यांना नम्रपणे विचारले तरी पुरते.

ही नमाजाची चालती जागा आहे, हे ध्यानात ठेवून पादत्राणे बाहेर काढावीत, अंगभर कपडे घालावेत, परवानगी घेऊनच छायाचित्रे काढावीत आणि शुक्रवारची दुपार टाळावी. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीने सकाळी निघाल्यास दिवसाभरात सहज परत येता येते. लेख वाचायचा असेल, तर विजेरी जवळ असू द्यावी आणि घाईची मंडळी सोबत नेऊ नयेत.